प्रकल्पाला अनुदान, विद्यापीठाला काय?

ऑगस्ट २०२४ मध्ये देशातील काही नामवंत शिक्षणसंस्थांच्या लेखा विभागांत एक अनपेक्षित नोटीस येऊन थडकली. दिल्लीच्या आयआयटीचाही त्यांत समावेश होता. संशोधनासाठी बाहेरून मिळालेल्या अनुदानांवर वस्तू व सेवा कर का भरला नाही, अशी विचारणा त्या नोटिशीत होती. कराचा दर अठरा टक्के. साहजिकच विद्वज्जनांत खळबळ उडाली, वृत्तपत्रांतून टीका झाली आणि ९ सप्टेंबर २०२४ रोजी जीएसटी परिषदेने आपल्या ५४ व्या बैठकीत विद्यापीठांना व संशोधनसंस्थांना मिळणाऱ्या अशा अनुदानांना करातून सूट देण्याची शिफारस केली. प्रकरण तेथे मिटले.

प्रकरण मिटले, परंतु त्यामागची दृष्टी मात्र मिटलेली नाही. कर खात्याचा तर्क सरळ होता. कोणी तरी पैसे दिले, कोणी तरी काम करून दिले. तेव्हा ही सेवा झाली आणि मिळालेली रक्कम हे त्या सेवेचे मूल्य झाले. संशोधनाचे अनुदान म्हणजे कामाचा मोबदला, हा तो समज होय. हा समज केवळ कर खात्याचा असता तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. दुर्दैवाने शासनाचा, समाजाचा आणि पुष्कळदा स्वतः विद्यापीठांचाही समज याहून फारसा निराळा नाही. अमुक विभागाने इतक्या कोटींचे प्रकल्प मिळविले, अशी प्रसिद्धिपत्रके निघतात. राष्ट्रीय क्रमवारीत बाहेरून आणलेल्या रकमेला गुण असतात. मग हळूहळू असे वाटू लागते की, प्राध्यापकांनी प्रकल्प आणावेत, प्रकल्पांनी पैसा आणावा आणि त्या पैशावर विद्यापीठाने चालावे. शासनाने आपला हात आखडता घेतला तरी मग बिघडले कोठे?

बिघडते ते नेमके येथेच. अनुदान मिळते ते प्रकल्पाला, विद्यापीठाला नव्हे. हा भेद शब्दच्छल नाही. आपल्या सार्वजनिक विद्यापीठांतील संशोधनाचे आजचे दुखणे या एका भेदाकडे झालेल्या दुर्लक्षातून उद्भवलेले आहे, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये.

अनुदान काय देते?

एखादा प्राध्यापक केंद्र शासनाच्या एखाद्या खात्याकडे प्रस्ताव पाठवितो. तज्ज्ञांची समिती तो तपासते, बहुतेक प्रस्ताव नाकारले जातात, काही मंजूर होतात. मंजुरीपत्रात रकमेचे भाग पाडलेले असतात : उपकरणांसाठी इतके, रसायने व इतर उपभोग्य वस्तूंसाठी इतके, प्रवासाला इतके, एका किंवा दोघा संशोधन-साहाय्यकांच्या विद्यावेतनाला इतके. मुदत बहुधा तीन वर्षांची. एका भागातली रक्कम दुसऱ्या भागात वळवावयाची तर पुन्हा परवानगी. दर वर्षी हिशेब आणि उपयोगिता प्रमाणपत्र पाठविल्याविना पुढचा हप्ता नाही. सार्वजनिक पैशाला हिशेब हवाच. त्याबद्दल तक्रार असू नये.

आता हे अनुदान काय देत नाही, तेही पाहू. ते प्राध्यापकाचा पगार देत नाही. तो प्रयोगशाळेत असताना त्याचे तास घेणारा दुसरा अध्यापक देत नाही. ज्या इमारतीत उपकरण बसवायचे तिचे छप्पर, तेथला अखंड वीजपुरवठा, ते चालविणारा अनुभवी तंत्रज्ञ, नियतकालिकांनी भरलेले ग्रंथालय, खरेदीची कागदपत्रे जाणणारा लेखनिक, यांतले काहीही ते देत नाही. या सर्व गोष्टी विद्यापीठात आधीपासून आहेत, असे अनुदान देणारा गृहीत धरतो. या खर्चापोटी म्हणून मंजूर रकमेत एक लहानसा हिस्सा संस्थेसाठी ठेवलेला असतो. त्यालाच ओव्हरहेड म्हणतात. पण तो प्रकल्पाचा भार हलका करण्यापुरता असतो. मुळात जे नाही ते उभे करण्याइतका नसतो.

ही गृहीते आपल्या राज्य विद्यापीठांत कितपत खरी आहेत, हे अध्यापकवर्गातल्या वाचकांना सांगावयास नको. निवृत्त झालेल्या प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे भरल्या जात नाहीत, त्यांचे वर्ग तासिका तत्त्वावरील अध्यापक सांभाळतात. नियमांनुसार अशा अध्यापकाला बहुधा स्वतःच्या नावे प्रकल्प मागता येत नाही, कारण प्रमुख संशोधक हा कायम सेवेतला असावा लागतो. म्हणजे जागा रिकामी राहिली की वेतन वाचते हे खरे. पण त्या जागेवरच्या माणसाने पुढील तीस वर्षांत जे प्रस्ताव लिहिले असते, जे विद्यार्थी घडविले असते, तेही सारे वाचते! ही काटकसर नव्हे. बियाणे विकून पेरणीचा खर्च वाचविण्याचा हा प्रकार आहे.

माटुंग्याचा धडा

बाहेरच्या पैशावर विद्यापीठातले संशोधन बहरू शकते, याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे आणि विरोधी पक्ष ते हटकून पुढे करतो. मुंबई विद्यापीठाच्या रसायन तंत्रज्ञान विभागाचे, म्हणजे सर्वतोमुखी असलेल्या यूडीसीटीचे, ते उदाहरण होय. १८५७ मध्ये स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ प्रारंभी केवळ परीक्षा घेणारे विद्यापीठ होते. १९०४ च्या कायद्याने विद्यापीठांना स्वतः अध्यापन-संशोधन करण्याची वाट मोकळी झाली. पुढे १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस यांच्याकडे समाजशास्त्राचा विभाग आला आणि १ ऑक्टोबर १९३३ रोजी रसायन तंत्रज्ञानाचा विभाग सुरू झाला. मुंबईचा गिरणीधंदा दाराशी होता, म्हणून वस्त्ररसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी हे पहिले विषय. उद्योगांच्या देणग्या, उद्योगांची सल्लामसलत, उद्योगांनी पुरविलेली शिष्यवृत्ती यांवर ही संस्था वाढली. १९९० मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळविणारे डॉ. मनमोहन शर्मा तेथलेच, डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी पदवी आणि डॉक्टरेट मिळविली तीही तेथेच. २००८ मध्ये त्या संस्थेला स्वतंत्र अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

तेव्हा, यूडीसीटीने जे केले ते इतरांनी का करू नये, असा प्रश्न विचारला जातो. प्रश्न रास्त आहे, परंतु त्याचे उत्तर त्या संस्थेच्या इतिहासातच दडलेले आहे. डॉ. के. वेंकटरमण यांनी रंगद्रव्यांच्या रसायनशास्त्रात तेथे जे काम केले, ते तीन वर्षांच्या करारावर केलेले नव्हते. ते विभागाचे पहिले भारतीय संचालक झाले १९३८ मध्ये आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालकपद स्वीकारून गेले १९५७ मध्ये. सुमारे दोन दशके एक माणूस एका जागी, एका विषयात, शिष्यांची परंपरा घडवीत बसला होता. डॉ. शर्मा केंब्रिजहून परतून १९६४ मध्ये प्राध्यापक झाले तेव्हा ते अवघे सत्तावीस वर्षांचे होते. एका तरुणाला थेट प्राध्यापकपद देण्याचे धैर्य विद्यापीठाकडे होते आणि देण्यासाठी पदही होते. उद्योग आले ते या माणसांकडे आले. आधी आसन, मग अध्ययन, मग अनुदान, असा तो क्रम आहे. आज आपण हा क्रम उलटा लावू पाहतो. आसन रिकामे ठेवून अनुदानाची वाट पाहतो.

उपेक्षेचे गणित

विद्यापीठांकडे पाहण्याची ही वृत्ती आजची नाही. स्वातंत्र्याच्या आगेमागे देशाने विज्ञानासाठी ज्या मोठ्या संस्था उभारल्या त्या बहुशः विद्यापीठांच्या बाहेर. १९४२ मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद स्थापन झाली, १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी राहिली, जानेवारी १९५० मध्ये पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले. या संस्थांनी देशाची सेवा केली याबद्दल दुमत नाही. मात्र त्यामुळे संशोधन प्रयोगशाळांत आणि अध्यापन विद्यापीठांत, अशी वाटणी रूढ झाली. विज्ञानाची उभारणी विद्यापीठांत माणसे घडविण्यापासून व्हावी, असे मेघनाद साहा यांच्यासारखे वैज्ञानिक तेव्हा आग्रहाने सांगत होते. त्यांचे म्हणणे मागे पडले.

या वाटणीचे फळ आकड्यांत दिसते. २०२०–२१ या वर्षी देशाचा संशोधन व विकासावरील एकूण खर्च स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के होता आणि त्या खर्चात उच्च शिक्षणसंस्थांचा वाटा नऊ टक्क्यांहूनही थोडा कमीच होता. विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाच्या एका प्रमुख योजनेचा निधी कोठे गेला याचा हिशेब २०२३ मध्ये शासनाच्या वतीनेच सांगण्यात आला. सुमारे ६५ टक्के निधी आयआयटींना आणि तीनशेहून अधिक राज्य विद्यापीठांना मिळून सुमारे ११ टक्के. देशातील बहुसंख्य विद्यार्थी राज्य विद्यापीठांत व त्यांना संलग्न असलेल्या महाविद्यालयांत शिकतात, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांचा अर्थ उलगडतो. तालुक्याच्या गावातून पदव्युत्तर शिक्षणाला आलेल्या मुलीला संशोधन म्हणजे काय हे प्रत्यक्ष पाहावयास मिळणार की नाही, हा तो प्रश्न आहे.

यावर एक आक्षेप येईल आणि त्याची दखल घेतलीच पाहिजे. निधी गुणवत्तेवर वाटला जातो. राज्य विद्यापीठांतून चांगले प्रस्तावच येत नसतील तर मंडळाने काय करावे? केवळ जिल्ह्याजिल्ह्यांत समान वाटणी करण्यासाठी सुमार प्रस्तावांना पैसा द्यावा काय? मुळीच देऊ नये. शिवाय आपल्या विद्यापीठांत संशोधनाविषयी अनास्था आहे, पदोन्नतीपुरते लेख लिहिण्याची प्रथा आहे, मिळालेले उपकरण कुलुपात ठेवण्याची वृत्ती आहे, हेही नाकारता येत नाही. पण स्पर्धेत उतरण्यासाठी पायात बळ लागते, ते स्पर्धेतून मिळत नाही. ज्या विभागात दहांपैकी सहा जागा रिकाम्या असतील, तेथील उरलेल्या चौघांनी वर्ग, परीक्षा आणि समित्या सांभाळून आयआयटीच्या प्राध्यापकाशी बरोबरी करावी, ही अपेक्षा न्याय्य नव्हे. गुणवत्तेची कसोटी कठोर असावी; ती समान जमिनीवर घेतली जावी, इतकेच मागणे आहे.

अमेरिकेतील एक प्रसंग

ज्या देशाच्या अनुदानपद्धतीचा दाखला आपण वारंवार देतो, तेथे २०२५ मध्ये घडलेला एक प्रसंग या बाबतीत बोलका आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेने जाहीर केले की, अनुदानाबरोबर संस्थांना अप्रत्यक्ष खर्चासाठी जी रक्कम दिली जाते ती यापुढे प्रत्यक्ष खर्चाच्या १५ टक्क्यांहून अधिक असणार नाही. तोवर हा दर प्रत्येक संस्थेशी वाटाघाटी करून ठरत असे आणि अनेक मोठ्या विद्यापीठांत तो ५० टक्क्यांहूनही अधिक होता. राज्यांनी, विद्यापीठांनी न्यायालयात धाव घेतली आणि एप्रिल २०२५ मध्ये संघीय न्यायालयाने हा निर्णय रोखला. त्या वेळी विद्यापीठांनी केलेला युक्तिवाद आपण टिपून ठेवण्यासारखा आहे. प्रयोगशाळेची वीज, सुरक्षा, ग्रंथालय, हिशेबनीस हा वरखर्च नव्हे. तो संशोधनाचाच खर्च आहे. तो काढून घेतला तर प्रकल्पाला दिलेला पैसाही वाया जाईल, असे त्यांचे म्हणणे होते. ज्यांच्या तिजोऱ्या आपल्या विद्यापीठांच्या तुलनेत कुबेराच्या म्हणाव्यात, ते जर असे म्हणत असतील, तर गळक्या छपराखाली सूक्ष्मदर्शक ठेवणाऱ्यांनी काय म्हणावे?

प्रश्न कोणाचा?

येथवर आपण पैशाच्या पुरेपणाचा विचार केला. त्याहून नाजूक असा दुसरा विचार आहे. अनुदान येताना आपल्याबरोबर प्रश्नही घेऊन येते. अमुक विषयाला प्राधान्य आहे असे जाहीर झाले की, प्रस्ताव त्या विषयाकडे वळतात. यात गैर काही नाही. राष्ट्राच्या निकडी राष्ट्राने सांगाव्यात. पण जे काम तीन वर्षांत संपत नाही, ज्याचे फळ बाजारात विकले जात नाही, ते काम मग कोणी करावे?

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये हाती घेतले. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यासाठी एक लाख रुपयांच्या देणगीचे वचन दिले होते. बाराशेहून अधिक हस्तलिखिते पडताळून ते काम पुरे झाले १९६६ मध्ये. ज्या डॉ. वि. सी. सुखटणकरांनी त्याची शास्त्रीय घडी बसविली, ते १९४३ मध्येच निवर्तले होते. डेक्कन कॉलेजात डॉ. सु. मं. कत्रे यांनी १९४८ मध्ये संस्कृत महाकोशाचे काम आरंभिले. ते अद्याप चालू आहे. या दोन्ही कार्यांना बाहेरून पैसा मिळाला, शासनाने दिला, दात्यांनी दिला. पण देणाऱ्यांनी तिसऱ्या वर्षाअखेरीस निष्पत्तीचा तक्ता मागितला नाही. मागितला असता तर काय दाखविणार होते? चिठ्ठ्यांनी भरलेली कपाटे! आज असे काम हाती घेण्याचे धाडस एखाद्या तरुण अध्यापकाने केले, तर त्याची पदोन्नती आणि त्याच्या विद्यार्थ्याचे विद्यावेतन कशाच्या आधारावर चालावे?

उद्योगांच्या पैशाबाबत तर अधिकच सावधगिरी हवी. १९६७ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी आहार आणि हृदयविकार यांविषयी एक आढावा प्रसिद्ध केला. त्यात साखरेवरचा ठपका हलका आणि स्निग्ध पदार्थांवरचा भारी करण्यात आला होता. त्यासाठी साखर उद्योगाच्या एका संस्थेने पैसे दिले होते, ही गोष्ट लेखात सांगितलेली नव्हती. जुनी कागदपत्रे तपासून ती उजेडात आली २०१६ मध्ये, म्हणजे तब्बल एकोणपन्नास वर्षांनी. उद्योगाचा पैसा विटाळ आहे असा याचा अर्थ नाही. माटुंग्याचे उदाहरण आपण वर पाहिलेच. पैसा कोणी दिला हे उघड असावे आणि निष्कर्ष छापण्याचा अधिकार संशोधकाकडे असावा, एवढाच याचा बोध. हा अधिकार बजावण्याचे बळ ज्याची नोकरी कायम आहे त्यालाच असते. करारावरच्या माणसाने पुढच्या करारावर डोळा ठेवून लिहावे, यात त्याचा दोष तो काय?

नवे प्रतिष्ठान आणि जुनी कर्तव्ये

हा विचार आज विशेष निकडीचा झाला आहे. २०२३ च्या कायद्याने ‘अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन’ हे राष्ट्रीय प्रतिष्ठान अस्तित्वात आले. जुने विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ त्यात विलीन झाले. पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये उभे करण्याचा संकल्प त्या वेळी सोडण्यात आला. पैकी १४,००० कोटी केंद्र शासनाने द्यावयाचे आणि सुमारे ३६,००० कोटी उद्योग, दाते आदी शासनाबाहेरील मार्गांनी यावयाचे, अशी ती योजना होती. विद्यापीठांत संशोधनाचे बीज रोवणे हा प्रतिष्ठानाचा एक घोषित हेतू आहे. हेतू स्वागतार्ह आहे. परंतु प्रतिष्ठान बीज देईल. जमीन राज्यांनीच सिद्ध ठेवावयाची आहे. राज्य विद्यापीठांतील पदे भरणे, त्यांचा नित्य खर्च चालविणे ही राज्य शासनाची जबाबदारी आहे आणि दिल्लीहून येणाऱ्या कोणत्याही अनुदानाने ती टळत नाही.

यासाठी फार मोठ्या क्रांतीची आवश्यकता नाही. काही साध्या गोष्टी करता येण्यासारख्या आहेत. पहिली, मंजूर अध्यापकपदे वेळच्या वेळी भरणे. ही एक गोष्ट झाली तर निम्मे काम झाले. दुसरी, संस्थेला मिळणारा ओव्हरहेडचा हिस्सा विद्यापीठाच्या सर्वसाधारण खात्यात लुप्त न होता संशोधनाच्या सोयींवरच खर्च व्हावा आणि त्याचा हिशेब दर वर्षी अधिसभेपुढे यावा. तिसरी, महागडी उपकरणे विभागाविभागांत कुलुपबंद न ठेवता सामायिक केंद्रांत ठेवावीत. १९८८ मध्ये डॉ. जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली पुणे विद्यापीठाच्या आवारात स्थापन झालेल्या आयुकाने देशभरच्या विद्यापीठांतील अध्यापकांना एका छत्राखाली काम करण्याची सोय करून दिली. तोच मार्ग इतर विषयांतही चोखाळता येईल. चौथी, उद्योगांशी होणाऱ्या करारांत निष्कर्ष प्रसिद्ध करण्याचा अधिकार स्पष्ट शब्दांत राखून ठेवावा.

आणि पाचवी गोष्ट संशोधक विद्यार्थ्यांची. १ जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती ३१,००० रुपयांवरून ३७,००० रुपये झाली. वाढ योग्यच होती. पण खोलीचे भाडे आणि खाणावळीचे पैसे दर महिन्याला द्यावे लागतात, आणि अधिछात्रवृत्ती मात्र अनेकदा महिनोन्महिने अडकून पडते. कोठे एक प्रमाणपत्र पोचलेले नसते, कोठे एक सही राहिलेली असते. घरून पैसे मागविणे ज्यांना शक्य असते ते तग धरतात. ज्यांना शक्य नसते ते संशोधन सोडून मिळेल ती नोकरी धरतात. अशा रीतीने देशाच्या विज्ञानातून नेमके कोण गळते, याची नोंद कोणत्याही उपयोगिता प्रमाणपत्रात होत नाही.

अनुदान म्हणजे मोबदला, या समजापासून आपण आरंभ केला. मोबदला दिला की देणाऱ्याचे कर्तव्य संपते. विद्यापीठाच्या बाबतीत समाजाचे कर्तव्य असे संपत नाही, कारण तेथे जे चालते ते विकत घेतलेले काम नसून पिढ्यांपिढ्यांचे शिकणे-शिकविणे असते. प्रकल्प तीन वर्षांनी संपतो, फलक उतरविला जातो, फाईल बंद होते. त्यानंतर त्या प्रयोगशाळेत दिवा लावणारे कोणी उरले आहे की नाही, हे ज्याने पाहावयाचे ते शासन आहे. आणि शासन ते पाहते की नाही, हे आपण पाहावयाचे आहे.